आधी कोण येत होतं?

"तुमच्या घरात हाय की ओ तसलं मशीन! तुम्हाला चालतंय आणि मंडळाला चालत नाही होय?"

महिला मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न मला विचारला गेला. खरं सांगते, त्या वेळी उत्तर सुचलं नाही. गप्प बसले. घरी येऊन भांडी लावताना सुचलं, नेहमी सुचतं तसं. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेलं उत्तर आहे.

आधी प्रसंग सांगते. कॅम्पातल्या आणि आसपासच्या आम्ही पंधरा-वीस बायका महिन्यातून दोनदा, चतुर्दशीला, भजनाला बसतो. दशलक्षण पर्वात दहा दिवस रोज असतं. वर्षातून एखादं विधान असतं. पेटी आमच्यातलीच एक वाजवते. ढोलकी-तबल्याला शहापूरहून एक मुलगा यायचा. मुलगा म्हणायची आपली सवय, पस्तिशी त्यानं कधीच ओलांडली असेल. त्याच्या आधी त्याचे वडील यायचे. एका बैठकीचे त्याला ३०० रुपये मिळायचे, आणि सहा वर्षं तेवढेच मिळत होते. यंदा त्यानं ५०० मागितले.

खजिनदार बाईंनी तिथल्या तिथं हिशेब मांडला. महिन्याला दोन बैठका, म्हणजे १००० रुपये. इलेक्ट्रॉनिक तबल्याचं यंत्र साधारण आठ हजारांत येतं. आठ महिन्यांत पैसे वसूल, पुढं सगळं फुकट. शिवाय यंत्र आजारी पडत नाही, लग्नसराईत दुसरीकडे जात नाही, चहा मागत नाही. हिशेबात चूक नव्हती. मग एकीनं हळूच जोड दिली, "आणि त्यात चामडं पण नाही ओ. आपल्याला तेच बरं."

मी विरोध केला. आणि मग तो वरचा प्रश्न आला.

माझ्या घरी तसलं यंत्र आहे, हे खरंच आहे. तबल्याचं नाही, तानपुऱ्याचं. घरात त्याला सगळे 'डबा' म्हणतात, मीही म्हणते. तो घ्यावा की नाही यावर आमच्या घरात वर्षभर वाद चालला होता. तो वाद आधी सांगते, कारण मंडळाच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

माझं माहेर निपाणीचं. लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा पूर्ण झाली होती. वडिलांनी मिरजेहून तानपुरा आणून दिला होता, बसमध्ये पुढच्या सीटवर, मांडीवर धरून. १९८६ साली लग्न होऊन कॅम्पात आले तेव्हा तो तानपुराही आला आणि दाराआड उभा राहिला. एकत्र कुटुंब, माणसांचा राबता. तानपुऱ्याला गवसणी होती, ती वर्षातून एकदा धुवायची, एवढाच माझा आणि गाण्याचा संबंध उरला. कुणी मनाई केली नव्हती. मनाई केली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. वेळच नव्हता, आणि वेळ नाही याला कुणाशी भांडायचं?

मुलं बाहेर गेली, सासूबाई गेल्या, आणि बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा सा लावायला बसले. पहाटे पाच ते पावणेसहा. रेजिमेंटल सेंटरचा बिगुल वाजायच्या आधी संपवायचं, कारण त्यानंतर दूध, पाणी, चहा, कामवाली. पंचेचाळीस मिनिटं. त्यातली पंधरा तानपुरा लावण्यात जायची. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथल्या भिंतीसुद्धा ओल्या लागतात. खुंट्या फुगतात, लावलेली तार दहा मिनिटांत उतरते. कान अजून झोपेत असतो. पंचम लावावा तर जोड उतरलेली, जोड लावावी तर खर्ज हललेला. उरलेल्या अर्ध्या तासात आवाज तापेपर्यंत बिगुल.

म्हणून डबा घ्यायचा म्हटलं. झालं, घरात परिषद बसली.

यजमान म्हणाले, "घ्यायचा तर घे, पण खरंच तेवढं चीज होणार आहे का त्याचं?" मुलगा बेंगळुरूहून म्हणाला, "आई, फोनमध्ये ॲप आहे. तानपुरा, तबला, सगळं आहे. कशाला पैसे घालतेस?" आणि निपाणीची बहीण म्हणाली, "अगं, मिरजेचा तानपुरा घरात असताना डबा कशाला आणायचा? काय वाटेल अण्णांना?" अण्णा जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

तिघांचीही बाजू एकेक करून बघू. असली वस्तू घ्यायची की नाही हा प्रश्न फक्त माझ्या घरात पडत नाही.

पहिला मुद्दा, चीज होणार का? हा प्रश्न योग्य आहे. फक्त तो मलाच का विचारला जातो, हे मी विचारणार. बसायच्या खोलीत चार स्पीकरचं जे धूड आहे ते आणताना कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. पण ते जाऊ दे. प्रश्न योग्य आहे, कारण आमच्या घरात चीज न झालेली एक वस्तू आहेच. दीर मस्कतला होते तेव्हा त्यांनी कॅसिओचा कीबोर्ड आणला होता. त्यात शंभर वाद्यांचे आवाज, शंभर ठेके. मुलांनी पहिल्या आठवड्यात शंभराचे शंभर वाजवून पाहिले. दुसऱ्या महिन्यात तो कपाटावर गेला. अजून तिथंच आहे, सेल गळून आतला पत्रा हिरवा झालेला. त्यातून मी शिकले ते असं: जी वस्तू शंभर कामं करते तिच्यासाठी घरात एकही काम वाट बघत नसतं. घेण्याआधी विचारायचं ते "हे काय काय करतं?" असं नाही. "माझं कुठलं काम याच्यावाचून आज अडलंय?" असं विचारायचं. माझं अडलं होतं. रोज पंधरा मिनिटं. महिन्याचे साडेसात तास.

आमच्या धर्मात परिग्रहाला परिमाण घालून घ्यायला सांगितलंय. लोक त्याचा अर्थ 'कमी वस्तू' एवढाच घेतात. मी असा घेते की जी वस्तू आत येते तिला रोज काम पाहिजे. काम नसेल तर ती एक असो की शंभर, तो परिग्रहच.

दुसरा मुद्दा, फोन. इथं मुलाचं अर्धं बरोबर आहे, ते आधी कबूल करते. ॲपमधला तानपुरा बऱ्याच जुन्या डब्यांपेक्षा सुरेल आहे. पूर्वीच्या डब्यांत विजेच्या मंडलातून सूर तयार व्हायचा. ऐकताना तो झंकार कमी आणि गुणगुणणारा माशीसारखा आवाज जास्त वाटायचा. आताच्या डब्यांत आणि ॲपमध्येही खऱ्या तानपुऱ्याच्या तारा ध्वनिमुद्रित करून भरलेल्या असतात. तेव्हा गोडव्यात ॲप हरत नाही.

हरतं ते दुसरीकडे. फोनचा स्पीकर नखाएवढा. त्यातून खर्जाची तार नीट येतच नाही, तिचा फक्त वरचा झंकार येतो. कान तो झंकार ऐकून खर्ज असल्याचं समजून घेतो, पण गळ्याला टेकायला जमीन मिळत नाही. सा लावताना खालून आधार लागतो, तो पोटात जाणवावा लागतो. मग म्हणाल, स्पीकर जोडा. म्हणजे फुकटचं ॲप फुकट राहिलं नाही.

आणि दुसरं असं, की फोन माझा एकटीचा नाही. कागदावर आहे, खरा नाही. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी त्यावर नणंदेचा 'शुभ प्रभात' येतो, दूधवाल्याचा निरोप येतो, मुंबईच्या भाच्याची वरात पोचली की नाही ते येतं. मी हात लावला नाही तरी सुरात तो टुंग घुसतो. बंद करून ठेवावा, तर सगळ्यांना धास्ती: आई फोन का उचलत नाही? डब्याला कुणी फोन करत नाही. ती पंचेचाळीस मिनिटं तो फक्त सा आणि पंचम म्हणतो. माझ्या दिवसातली एवढीच गोष्ट फक्त एक काम करते. त्यासाठी चार-पाच हजार रुपये मी आनंदानं मोजले.

घेताना काय बघावं, हेही सांगून टाकते, कारण दुकानदार दिवे दाखवतो. दिवे बघू नका. आवाज अगदी बारीक करून खर्ज ऐकू येतो का बघा. मोठा केल्यावर सगळेच डबे छान वाटतात. पट्टीचा मुख्य खटका असतो, त्याशिवाय सूर केसाएवढा वर-खाली करायचं वेगळं बटण आहे का बघा, नाहीतर तुमच्या पेटीशी तो कधीच जुळणार नाही. पहिली तार पंचम, मध्यम, निषाद अशी बदलता येते ना, ते बघा. मालकंस गायला बसलात आणि पंचम वाजत राहिला तर काय उपयोग? बंद करून पुन्हा लावल्यावर कालची पट्टी त्याच्या लक्षात राहते का बघा. वीज गेल्यावर किती वेळ चालतो, आणि आतला सेल आपल्याला बदलता येतो का तेही. आणि तानपुरा-तबला एकाच डब्यात असलेलं शक्यतो घेऊ नका. एक बिघडलं की दोन्ही दुरुस्तीला जातं.

पट्टीचं सांगायचं राहिलं. मध्यमाची परीक्षा दिली तेव्हा मी काळी चारमध्ये गात होते. आता काळी तीनलाच दम लागतो. सर्दी झाली की पांढरी चार. खरा तानपुरा एका ठरावीक पट्टीसाठी बांधलेला, त्या मापाच्या तारा चढवलेला असतो. फार खाली उतरवला की तारा ढिल्या पडून जवारीच बोलत नाही. डब्याला वय नाही. मी ज्या दिवशी जेवढी आहे, तेवढ्यावर तो येऊन उभा राहतो. साठीच्या बाईला हे फार मोठं आहे.

आता तिसरा मुद्दा, बहिणीचा. मिरजेचा तानपुरा असताना डबा? हा मुद्दा सगळ्यात जड आहे, म्हणून शेवटी घेतला.

आपल्याकडे नव्या वाद्याला आधी शिव्या पडतात, हे नवं नाही. आज आपण भजनात जिच्याशिवाय बसत नाही ती बाजाची पेटी मुळात युरोपातली. तिकडची पायानं हवा भरायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात हातभात्याची पेटी झाली आणि मांडी घालून बसणाऱ्या देशाला ती सोयीची पडली. उचलून नेता येणारी, न उतरणारी, एकट्यानं वाजवता येणारी. तिलाही लोकांनी नाकं मुरडली: मींड निघत नाही, श्रुती चुकतात, गळा बिघडतो. आक्षेप खोटे नव्हते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत नीटसं उघडलं नाही. त्याच काळात आमच्या बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे पेटी वाजवत होते, शिकवत होते. २०१० साली गेले तोवर ती पेटी त्यांनी सोडली नाही. रेडिओनं नाकारलेल्या डब्यातून त्यांनी गाणं काढलं आणि गावाला वादक दिले. पालिताण्याला शत्रुंजयाच्या यात्रेला आपल्यातल्या कितीतरी जणी जाऊन आल्या असतील. पेटीचे सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, करण्यात ते गाव नावाजलेलं आहे, हे किती जणींना माहीत आहे? परकं वाद्य असं आपलं होतं.

तानपुऱ्याचा डबाही दुरून आलेला नाही. बेंगळुरूचे जी. राज नारायण, शिक्षणानं अभियंते आणि स्वतः बासरी वाजवणारे, त्यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक श्रुतीपेटी आणली. पुढं तानपुरा आला, तबला आला. राडेल, रागिणी ही नावं गाणाऱ्या घरांत आता तांब्या-भांड्याइतकी ओळखीची आहेत. तेव्हा "यंत्र म्हणून नको" हा मुद्दा मला मान्य नाही. पेटीही यंत्रच आहे. वीज लागत नाही एवढंच.

मान्य आहे तो दुसरा मुद्दा, आणि तो बहिणीनं नकळत काढला. मिरजेच्या तानपुऱ्यामागं माणसं आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, ते वाळवायचे, कापायचे, लाकडाचा दांडा जोडायचा, घोडी बसवायची, मग जवारी काढायची. जवारी म्हणजे घोडीचा माथा असा घासायचा की तार त्याला टेकते-न टेकते, आणि मधे दोरा सरकवला की सूर उमलतो. हे हातानं आणि कानानं होतं. मिरजेतल्या घराण्यांत हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. 'सतारमेकर' हे तिथं आडनाव आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मान मिळाला, चांगलं झालं. पण गिऱ्हाईक? मी डबा घेतला आणि तानपुरा दाराआडच ठेवला, तर जवारी काढायला कुणाची गरज उरते?

इथं मला माझा नियम सापडला. असली कुठलीही इलेक्ट्रॉनिक वस्तू घेताना मी एकच प्रश्न विचारते: हे काम करायला आधी कोण येत होतं?

पहाटे पाच वाजता कॅम्पातल्या एका संसारी बाईच्या स्वयंपाकघराशेजारी तानपुरा धरून बसायला कोण येत होतं? कुणीही नाही. कधीच नाही. मोठ्या गवयांच्या मागं शिष्य तानपुरे धरून बसतात. आमच्या मागं भिंत असते. पूर्वी लग्न झालेल्या बाईच्या घरी रोज रियाजाला तबलजी येतो म्हटलं असतं तर गल्लीनं काय म्हटलं असतं, ते मी लिहीत नाही, तुम्हीच म्हणा. माझ्या डब्यानं कुणाची जागा घेतली नाही. जी जागा रिकामीच होती, आणि रिकामीच राहणार होती, तिथं तो बसला. "यंत्रानं साथसंगत मारली" म्हणणाऱ्या थोरांना मी विचारते, साथसंगत मिळत होती कुणाला? तुम्हाला मिळत होती. आम्हाला ती मरायला जन्मलीच नव्हती.

पुण्याला माझा भाचा आहे. त्यानं स्वीडनच्या टीनेज इंजिनिअरिंगचं 'पॉकेट ऑपरेटर' घेतलंय. दिसायला कॅल्क्युलेटरसारखं, झाकणसुद्धा नाही, आतलं सगळं उघडं. खिशात मावतं. लोकलमध्ये, हॉस्टेलच्या गच्चीवर बसून ठेके जुळवतो. त्याच्या वडिलांनी मला फोन केला, "हे खेळणं आहे की वाद्य, तूच सांग." मी म्हटलं, खेळणं आहे की वाद्य हे तो सहा महिन्यांनी वाजवतोय का यावर ठरेल. पण त्याच्या हॉस्टेलच्या गच्चीवर कुणी ढोलवाला येत नव्हता ना? मग घेऊ द्या.

हाच नियम मलाही लागतो, आणि तिथं तो टोचतो. माझ्या तानपुऱ्यासाठी मिरजेचा माणूस येत होता. वडील असताना दरवर्षी, नंतर कधीमधी. डबा आला म्हणून ते थांबवायचा अधिकार मला नाही. म्हणून रविवारी बिगुलाची घाई नसते तेव्हा मी तानपुराच घेते. लागायला लागू दे अर्धा तास. आणि दर दोन वर्षांनी तो मिरजेला नेते, जवारी काढून आणते. डब्याचा सेल बदलायला जेवढं लक्षात ठेवते तेवढंच हेही. बहिणीला सांगितलं, अण्णांना वाईट वाटणार नाही.

आता मंडळाकडे येऊ.

चतुर्दशीला साडेचार वाजता ढोलकी घेऊन कोण येत होतं? एक माणूस येत होता. चाळीस वर्षं, आधी बाप, मग लेक. तिथं जागा रिकामी नव्हती. ती आपण रिकामी करणार होतो, आणि तीही महिना ४०० रुपयांच्या फरकासाठी. वीस जणींत ते वाटले तर एकीला महिन्याला २० रुपये येतात. एवढ्यात आता कुंद्याची वाटीसुद्धा येत नाही.

राहिला चामड्याचा मुद्दा. तबल्या-ढोलकीच्या पुडीला बकऱ्याचं कातडं असतं, हे खरं आहे. आणि ज्या बाईला मनापासून ते नको वाटतं तिच्यापुढं मी हात जोडते. पण चाळीस वर्षं ती ढोलकी आपल्यापुढं वाजत होती. तेव्हा ते कातडं कुणालाच दिसलं नाही. त्यानं २०० रुपये वाढवून मागितले त्या दिवशी ते दिसलं. बायांनो, ही अहिंसा नव्हे, ही घासाघीस आहे. तिला धर्माचं नाव देऊ नका. त्या बैठकीला आपण सगळ्या रेशमी साड्या नेसून बसलो होतो, मीसुद्धा. एका साडीला हजारो कोष उकळत्या पाण्यात जातात. तो हिशेब कुणी मांडणार असेल तर मी पहिली साडी सोडते, मग ढोलकी बंद करू, नुसत्या टाळांवर भजन म्हणू. तेही सुंदर होईल. पण साडी ठेवायची आणि ढोलकीवाला सोडायचा, हे मला पटणार नाही.

मतं घेतली. अकरा विरुद्ध सहा. यंत्र आलं.

मी त्या यंत्राची निंदा करणार नाही. चांगलं आहे. दादरा, केरवा, भजनी ठेका, सगळं स्वच्छ वाजतं. लय केसानं हलत नाही. आणि तीच अडचण झाली. आमच्यात एक आजी आहेत, वय ८२. त्यांच्या लहानपणच्या चाली त्यांनाच येतात, त्यांनी सुरुवात केली की आम्ही मागून म्हणायचो. आजी समेवर कधीच सुरू करत नाहीत. त्यांना वाटतं तेव्हा त्या सुरू करतात, मधेच श्वास घ्यायला थांबतात, एखादी ओळ आवडली तर तीनदा म्हणतात. तो मुलगा काय करायचा? त्यांच्या तोंडाकडे बघत असायचा. त्या जिथं उचलतील तिथं तो सम आणून ठेवायचा. त्या थांबल्या की बोटांनी नुसती कड धरून ठेवायचा. शेवटी आरतीला लय चढवायचा, तीही आजींना झेपेल तेवढीच. आम्हाला वाटायचं, आजी तालात गातात. आजी तालात गात नव्हत्या. ताल आजींच्या मागं चालत होता.

यंत्र कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. पहिल्या चतुर्दशीला आजींनी सुरुवात केली, ठेका एकीकडे, आजी एकीकडे. कुणीतरी म्हणालं, "आजी, त्या टिकटिकीला धरून म्हणा की." दुसऱ्या खेपेला पुन्हा तसंच. तिसऱ्या खेपेपासून आजी सुरुवात करत नाहीत. टाळ्या वाजवतात. विचारलं तर म्हणतात, "तुम्ही म्हणा, मला त्याच्याबरोबर जमत नाही." त्यांच्या तीन चाली तरी मी अजून धड उतरवून घेतलेल्या नाहीत.

खजिनदार बाईंच्या वहीत हे कुठं लिहायचं? आठ महिन्यांत पैसे वसूल झाले, हे खरं. पण वसूल कुणाकडून झाले?

तो मुलगा आता उद्यमबागेत एका कारखान्यात पाळीवर जातो. परवा बाजारात भेटला. राग नव्हता त्याच्या बोलण्यात. "आजी बऱ्या हायत नव्हं?" असं विचारलं त्यानं. मी बऱ्या आहेत म्हटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. घरात एकटीनं गायला बसणारी कुणी असेल, तर तिनं डबा खुशाल घ्यावा, कुणी "चीज होणार का" विचारलं तर माझं नाव सांगावं. लहान घ्यावा, एकच काम करणारा घ्यावा, आणि तो आपला, आपल्या पैशांचा असावा. पण जिथं माणूस येत होता, तिथं यंत्र आणताना हिशेबाच्या वहीत त्या माणसाचीही एक ओळ असायला हवी, आणि त्याच्या तालावर ज्या उभ्या होत्या त्यांचीही.

दशलक्षण पर्व जवळ आलंय. दहा दिवसांसाठी त्याला बोलवावं, पाचशेनं, असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. पाळी असते, रजा मिळेल की नाही माहीत नाही, पण विचारायला काय जातं? यंत्र कपाटात राहू दे, वीज गेली की उपयोगी पडेल. वर्गणी कमी पडली तर माझे २० रुपये मी आत्ताच देऊन ठेवते. आणि ठराव पडला, तरी एक काम मी करणारच आहे: आजींच्या घरी जाऊन, ठेका बंद ठेवून, त्या तीन चाली उतरवून घेणं.